घरच्या शुश्रूषेची वही

मा. संपादक,

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. त्या काळाचा विषय निघाला की बोलणे होते ते रुग्णालये आणि खाटांवर. पण बहुतेक रुग्ण घरीच बरे झाले. त्यांची शुश्रूषा घरातल्याच कुणीतरी केली, तीही कुणी न शिकवता. पुढच्या साथीतही हेच होणार. म्हणून काही गोष्टी आताच स्पष्ट लिहिलेल्या बऱ्या.

सगळ्यात आधी एक वही करावी. वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, दिलेले औषध, एवढे रकाने पुरेत. दिवस मोजायचे ते लक्षणे सुरू झाल्यापासून, चाचणीचा अहवाल आल्यापासून नव्हे. कोविडमध्ये प्रकृती बिघडायची ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत. अहवालापासून मोजले की रुग्ण सातव्या दिवशी असतो आणि घरचे त्याला चौथा समजतात.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारे यंत्र) लावण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे. नखावरचा रंग काढावा, हात गार असेल तर चोळून ऊबदार करावा. गार बोटात रक्त कमी खेळते आणि आकडा चुकतो. सुरुवातीला उड्या मारणारा आकडा लिहू नये, मिनिटभर थांबून स्थिरावलेला लिहावा. पुन्हा मोजूनही ९३-९४ आला तर डॉक्टरांना फोन, ९२ किंवा कमी आला तर थेट रुग्णालय. (फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावी.) सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून एका आकड्यापेक्षा वहीतली उतरण महत्त्वाची. रुग्ण हसतबोलत असतानाही ऑक्सिजन घसरलेला असू शकतो. उलट धाप लागली, ओठ निळसर झाले, बोलणे असंबद्ध झाले, तर आकडा चांगला असला तरी थांबू नये.

मोबाइलवर फिरणाऱ्या औषधांच्या याद्यांनी फार नुकसान केले. ब्रिटनमध्ये कोविडच्या रुग्णांवर झालेल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीचे निष्कर्ष जून २०२०मध्येच आले होते: डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू घटले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा झाला नाही. तरीही लोकांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घरी स्टेरॉइड सुरू केली.

पुसापुशीत जितकी मेहनत गेली, तितकी हवेकडे गेली नाही. रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी आणि दार बंद हवे. खिडकीत पंखा बसवायचा तर त्याचा झोत बाहेर. आत झोत सोडला तर खोलीतली हवा दाराच्या फटीतून घरभर जाते. दाराखालच्या फटीशी कागदाची पातळ पट्टी धरून पाहावी. ती रुग्णाच्या खोलीकडे झुकली तर हवेचा प्रवाह बरोबर आहे. पुसण्याबद्दल इतकेच की ब्लीच आणि आम्ल असलेला क्लीनर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तोही आधीच खोकणाऱ्या माणसाच्या घरात.

खोलीत एकानेच जावे, हा नियम योग्यच आहे. पण त्या एका माणसावरच स्वयंपाक, भांडी, रात्रीची जाग आणि सगळ्यांचे फोनही पडतात, आणि बहुतेक घरांत ती घरातली बाईच असते. हे अन्यायाचे आहे, शिवाय धोक्याचेही, कारण चार रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधाची वेळ चुकते. खोलीत जाणाऱ्याकडे दुसरे काम ठेवू नये. नातेवाइकांना खुशाली कळवण्याचे काम तिसऱ्या कुणाकडे द्यावे. धाप लागलेल्या माणसाला तीच हकिकत दहा जणांना सांगायला लावणे क्रूरपणाचे आहे. शेजाऱ्यांनीही ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून थांबू नये, कारण संकोचाने कुणी सांगत नाही. ‘संध्याकाळी सातला जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवतो’ असे ठरवूनच टाकावे.

एकट्या राहणाऱ्यांचा विचार सर्वांत कमी झाला. त्यांना दिवसातून दोनदा ठरल्या वेळी कुणीतरी फोन करायला हवा. घराची दुसरी किल्ली त्याच व्यक्तीकडे असावी, आणि अर्ध्या तासात फोन उचलला गेला नाही तर दार उघडायचे, हे आधीच बोलून ठेवावे.

– एक वाचक