वाद्यपथके दाखवताना एक दार सर्वांसाठी उघडे ठेवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात ढोल-ताशा पथकांविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यातली बहुतेक आवाजाची मर्यादा, मिरवणुकीला लागणारा वेळ आणि रहदारीची कोंडी यांबद्दल असतात, आणि ती लिहिली जावीत अशीच असतात. मला मात्र एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. पथकांचे वादन दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर दाखवले जाते ते कोणासाठी, कसे आणि कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न. मी मूळची पुण्याची, शाळेच्या पथकात ताशा वाजवलेली, आणि बरीच वर्षे अमेरिकेतील इंडियाना राज्यात कार्मेल येथे राहते. माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते आणि गेल्या उन्हाळ्यात ती एका ड्रम कोरमध्ये, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या तरुणांच्या स्पर्धक पथकात होती. तिच्यामुळे संचलन करत वाजवणाऱ्या पथकांचे इथले जग मला आतून पाहता आले. प्रेक्षक मिळवण्यासाठी या जगाने पन्नास वर्षांत जे जे करून पाहिले, ते आपल्याकडच्या पथकांना आणि वाहिन्यांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे पत्र.

ड्रम कोरमध्ये पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज फिरवत नाचणारा कलर गार्ड असे तीन विभाग असतात. क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोनसारखी वाद्ये त्यात नसतात. मोठ्या कोरमध्ये दीडशेच्या आसपास मुले-मुली असतात आणि विशी ओलांडल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत त्यांना वयाच्या अटीमुळे बाहेर पडावे लागते. हिवाळ्यापासून ते एकच कार्यक्रम बसवतात, फार तर बारा मिनिटांचा, आणि तोच ऑगस्टपर्यंत घासून घासून लखलखीत करतात. रात्री बसने प्रवास, वाटेतल्या एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत फरशीवर झोप, दिवसभर उन्हात तालीम आणि संध्याकाळी स्पर्धा, असा त्यांचा उन्हाळा जातो. दिवसाला चार वेळचे जेवण ट्रकमधल्या स्वयंपाकघरातून येते. त्या ट्रकवर मी आठवडाभर कांदे चिरले आहेत आणि ही मुले किती थकलेली असतात, हे जवळून पाहिले आहे. त्यांना मानधन मिळत नाही. उलट प्रत्येक जण काही हजार डॉलर शुल्क भरून येतो.

या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर या लहानशा गावी झाली. त्या काळी अमेरिकेत असे शेकडो कोर होते. माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि गावोगावची मंडळे ते चालवत असत. आज त्यांची संख्या काही डझनांवर आली आहे. २०१८ साली अजिंक्यपद मिळवणाऱ्या सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या नामांकित कोरलाही आर्थिक कारणामुळे २०२३ चा हंगाम सोडावा लागला. ते पुढच्या वर्षी परतले, हे सुदैव. दुसरीकडे, १९४० साली स्थापन झालेल्या बोस्टन क्रुसेडर्सना २०२५ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळाले. पंच्याऐंशी वर्षे एखादे पथक तगून राहते ते केवळ वाजवणाऱ्यांच्या हौसेवर नव्हे. त्याच्या पाठीशी तिकीट काढून येणारा, देणगी देणारा आणि पुढे आपल्या मुलांनाही तिथे पाठवणारा समाज असावा लागतो. म्हणून प्रक्षेपणाचा प्रश्न या पथकांच्या जगण्याचाच प्रश्न आहे, असे मी मानते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षे अंतिम फेरी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवली जात असे. ती पाहायला पैसे पडत नसत. घरावर अँटेना असला की झाले. मला भेटलेल्या पन्नाशी-साठीतल्या बँड शिक्षकांपैकी बहुतेकांची गोष्ट सारखीच निघाली: लहानपणी सहज वाहिनी बदलताना हे दिसले, अंगावर काटा आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी ट्रम्पेट किंवा ड्रमसाठी हट्ट धरला. त्यातला ‘सहज’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पुढे २००४ पासून प्राथमिक फेरी देशभरातल्या चित्रपटगृहांत थेट दाखवण्याची प्रथा सुरू झाली आणि मोठ्या पडद्यामुळे, चांगल्या ध्वनिव्यवस्थेमुळे तिला दादही मिळाली. २००५ मध्ये ईएसपीएन-टू या क्रीडावाहिनीवर संकलित कार्यक्रम आला, पण तो प्रयोग काही वर्षांतच थांबला. २०१७ पासून थेट प्रक्षेपण एका खासगी क्रीडा-प्रसारण कंपनीकडे आहे आणि ते पाहायचे तर वर्गणी भरावी लागते.

या शेवटच्या व्यवस्थेचा मला वैयक्तिक लाभ झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. माझी आई चहाचा कप हातात घेऊन नातीचा कार्यक्रम पाहत असे. पूर्वी वर्षातून एकदा दिसणाऱ्या गोष्टी आता उन्हाळाभर, गावोगावच्या मैदानांवरून दिसतात. परंतु जो वर्गणी भरतो तो आधीपासूनच या जगातला असतो. माजी वादक, पालक, शिक्षक आणि आमच्यासारखे नातेवाईक. ज्याला हे काय आहे तेच ठाऊक नाही, तो अनोळखी माणूस शंभरावर डॉलर मोजून आत डोकावेल, अशी अपेक्षा करता येत नाही. वर्गणीमुळे उत्पन्न स्थिर होते आणि कॅमेऱ्यांचा, माणसांचा खर्च निघतो, हे खरे आहे. पण त्या सहज दिसण्याची जागा वर्गणी घेऊ शकत नाही.

ती जागा सध्या वाहनतळाने घेतली आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. मैदानात जाण्यापूर्वी प्रत्येक कोरचे तालवादक स्टेडियमबाहेरच्या वाहनतळावर अर्धवर्तुळात उभे राहून हात मोकळे करतात. स्नेअर, टेनर आणि बास ड्रम यांचा तो सराव पाहायला गर्दी जमते आणि कोणीही मोबाइलवर चित्रित करू शकतो. या तुकड्यांना इंटरनेटवर जो प्रतिसाद मिळतो, तो मी माझ्याच घरात पाहिला आहे. मुलीच्या वर्गातले, बँडशी काडीचा संबंध नसलेले मुलगे ते पाहतात, टेबलावर बोटांनी तेच ठोके वाजवतात आणि मग विचारतात, की पुढची स्पर्धा कुठे आहे. तिकीट नाही, वर्गणी नाही, आणि वादकाच्या हातापासून दोन हातांवर उभे राहिल्याचा भास, एवढे त्यांना पुरते.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हाही वादाचा विषय आहे. ड्रम कोरची रचना वरून पाहण्यासाठी बांधलेली असते. मैदानावरची वर्तुळे, तिरक्या रेषा, एकमेकांतून जाणारे गट हे सारे उंचावरच्या परीक्षकाच्या आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे उलगडावे, अशी ती योजना असते. कॅमेरा सतत एका घामेजलेल्या चेहऱ्यावर राहिला, तर पाहणाऱ्याला भावना दिसते पण रचना हरवते. आणि सतत उंचावर राहिला, तर मुंग्यांची रांग पाहिल्यासारखे होते. संस्थेने आपल्या चित्रफितींत अनेक कॅमेऱ्यांचे संकलन आणि उंचावरचे अखंड चित्रण असे दोन्ही पर्याय दिले होते, ते मला फार शहाणपणाचे वाटते. माझ्या आईने महिनाभर जवळून टिपलेली चित्रणे पाहिली आणि मग एकदा उंचावरचे पाहिले. त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, “अगं, ही पोरं चालताना आकार बदलतात हे मला आत्ता कळलं.”

आवाजाचे गणित याहून अवघड आहे. अमेरिकन फुटबॉलच्या ज्या मैदानावर हे कार्यक्रम होतात, त्याच्या दोन गोलरेषांमध्ये सुमारे ९१ मीटर अंतर असते आणि तेवढे कापायला आवाजाला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे एका टोकाच्या वादकाने दुसऱ्या टोकाचा ठोका कानाने ऐकून त्यावर वाजवले, तर तो उशिराच वाजवणार. त्यासाठी मागचे वादक ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभे राहून हाताने ताल दाखवणाऱ्याच्या, हाताकडे पाहतात आणि पुढचे वादक मागून येणाऱ्या आवाजावर ताल धरतात, म्हणजे सगळे मिळून प्रेक्षकांपर्यंत एकाच क्षणी पोहोचते. ही किमया मायक्रोफोनच्या चुकीच्या जागेमुळे क्षणात नाहीशी होते. एखाद्या तुतारीसमोर मायक्रोफोन ठेवला, तर अचूक वाजवणारे पथक घरबसल्या बेताल वाटते. शिवाय यंत्राने आवाज एका पातळीवर दाबला, की कुजबुजीसारख्या सुरापासून छातीत घुमणाऱ्या सुरापर्यंतचा सगळा प्रवास सपाट होतो. नवा प्रेक्षक प्रथम भारावतो तो याच प्रवासाने.

आणखी एक अडचण कायद्याची आहे. बहुतेक कोर प्रसिद्ध संगीताची स्वतःच्या वाद्यांसाठी नव्याने मांडणी करतात. ते मैदानावर वाजवण्याचा परवाना वेगळा, आणि तेच संगीत चित्रासोबत जोडून विकण्याची किंवा इंटरनेटवर ठेवण्याची परवानगी वेगळी. ही दुसरी परवानगी मिळाली नाही, तर चित्रणातला तेवढा भाग गाळावा किंवा मुका करावा लागतो. मुलांनी उन्हाळाभर घाम गाळून वाजवलेला भाग नि:शब्द झालेला पाहणे क्लेशदायक असते. आणि जुने कार्यक्रम अधिकृतपणे पाहायला मिळत नसतील, तर नव्या प्रेक्षकाला परंपरेची ओळख कशी व्हावी?

इथेच मला आपल्या पथकांची आठवण येते, कारण या एका बाबतीत आपण फार सुदैवी आहोत. ढोल-ताशाचे पारंपरिक ताल कोणाच्या मालकीचे नाहीत आणि पथके नव्याने जे बसवतात ते त्यांचे स्वतःचे असते. चित्रपटगीतांच्या चाली टाळल्या, तर आपल्या पथकांचे संपूर्ण वादन आज, उद्या आणि पन्नास वर्षांनीही कोणाच्या परवानगीशिवाय सर्वांपुढे ठेवता येईल. अमेरिकेतल्या कोरना हे स्वातंत्र्य क्वचितच मिळते. पथकांनी स्वतःच्या रचनांची नोंद ठेवावी, त्या बसवणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत आणि निदान एक पूर्ण, न कापलेले चित्रण दरवर्षी जपून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि वाहिन्या ती तासन्‌तास थेट दाखवतात. मी ती इथे रात्र जागून पाहते. पण एवढ्या वेळात वादन सलग ऐकायला मिळते ते किती? पथक रंगात येते आणि नेमक्या त्याच वेळी त्यावर निवेदन सुरू होते. समोर वाजवणारे पथक कोणते, हे पडद्यावर बऱ्याचदा लिहिलेले नसते. मायक्रोफोन ढोलाच्या इतका जवळ असतो की आवाज फाटतो आणि ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद ठोके, जी वादनाचा प्राण आहे, ती त्या गदारोळात बुडून जाते. नदीपात्रात दोन-दोन महिने पावसात सराव केलेल्या मुलामुलींच्या वाट्याला पडद्यावर फक्त गोंगाट आणि गर्दी येते. मग पाहणाऱ्याचे मत आवाजाविषयीच्या तक्रारीपुरते बनले, तर त्याला तरी दोष कसा द्यावा?

यात मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीच्या गॅलरीत एक स्थिर कॅमेरा असावा, त्याच उंचीवर पथकापासून थोडा दूर ठेवलेला मायक्रोफोन असावा आणि एखाद्या चौकातले स्थिरवादन सुरुवातीपासून शेवटपर्यंत, निवेदनाविना दाखवावे. वादन सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट कोणी जाणत्या ताशावादकाने सांगावे, की आता कोणता ताल येणार आहे आणि त्यात कुठे कान द्यायचा. वादन सुरू झाले की त्यानेही गप्प बसावे. आणि पथकांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रक्षेपणाचे हक्क कोणाला विकले, तर विकावेत, त्यातून पथकांना पैसे मिळाले तर आनंदच आहे. मात्र सरावाचे आणि निदान अंतिम फेरीचे चित्रण सर्वांना विनामूल्य पाहता येईल, अशी अट करारात आधीच घालून घ्यावी. एकदा सही झाल्यावर ती घालता येत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मिरवणुकीचे मार्ग आणि बंद रस्त्यांचा नकाशा आपण छापता. त्याच पानावर कोणत्या मंडळापुढे कोणते पथक वाजवणार आहे, त्यात किती ढोल, किती ताशे आहेत आणि यंदा त्यांनी कोणता ताल नव्याने बसवला आहे, एवढी माहिती प्रत्येकी दोन ओळींत छापावी. माझी आई ते पान कापून दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवील आणि मला फोनवर वाचून दाखवील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
कार्मेल, इंडियाना (मूळ पुणे)