बक्षिसाला नको, मॉनिटरला हातभार लावा: फायटिंग गेम स्पर्धेसाठी आवाहन

गेम खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या सर्वांना नमस्कार.

आमच्या मंडळाची स्ट्रीट फायटर ६ या, दोघांनी समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेमची, खुली स्पर्धा जवळ आली आहे. ३२ खेळाडू, एकच दिवस आणि जमतील तितके सामने थेट प्रक्षेपित, असा बेत आहे. अशा स्पर्धेला मदत करू इच्छिणारी मंडळी बहुधा पहिल्यांदा बक्षिसाचं विचारतात आणि त्यात भर घालायची तयारी दाखवतात. त्यामागची भावना मोलाची आहे, पण यंदा बक्षिसासाठी देणगी घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. बक्षीस दुप्पट झालं म्हणून एकही सामना जास्त चोख होत नाही. सगळ्या खेळाडूंना सारखे मॉनिटर मिळाले, केबल धड असल्या आणि टेबलापाशी पुरेशी माणसं असली, तर मात्र होतो. म्हणून वस्तू, वेळ आणि थोडा पैसा मागत आहोत, आणि तो कुठे लागतो हे सविस्तर सांगत आहोत.

आधी हिशेब. आमची स्पर्धा डबल एलिमिनेशनची, म्हणजे दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. विजेता सोडून उरलेले ३१ जण प्रत्येकी दोनदा हरणार, म्हणजे ६२ सेट. विजेताही वाटेत एकदा हरला तर ६३. तीनपैकी दोन गेम जिंकण्याचा एक सेट, बटणं तपासणं आणि खुर्च्या बदलणं धरून, साधारण ८ मिनिटं घेतो. एकाच सेटअपवर (एक कन्सोल, म्हणजे गेम चालवणारं यंत्र, आणि एक मॉनिटर) सगळं खेळवलं तर सव्वाआठ तास लागतील. शेवटच्या आठ जणांचे १० सेट आम्ही एकामागून एक, प्रक्षेपणाच्याच सेटअपवर खेळवणार आहोत. ते पाचपैकी तीन गेम जिंकण्याचे, म्हणून १५ मिनिटांचे धरले तर अडीच तास होतात. तो वेळ लागणारच. वाचवायचा तो आधीच्या ५२ सेटमध्ये. चार सेटअपवर ते कागदावर पावणेदोन तासांत होतात, सहावर सव्वा तासाच्या आत. प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट वेळ धरावा, कारण विनर्समधून (अजून न हरलेल्यांच्या गटातून) कोण हरून खाली येतंय याची वाट बघत लूजर्समधले (एकदा हरलेल्यांच्या गटातले) सेट अडतात.

म्हणून सहा सेटअप हवेत, आणि वर दोन. हे दोन कशाला, असं वाटेल. ३२ जणांच्या ब्रॅकेटमध्ये (सामन्यांच्या तक्त्यात) ८ जण दोनच सेट खेळून बाहेर पडतात. नवीन खेळाडू बहुतेक त्यातच असतो. तासाभरात त्याची स्पर्धा संपते, आणि हॉलमध्ये मोकळं खेळायला जागा नसेल तर तो घरी जातो आणि पुढच्या वेळी येत नाही. ते दोन सेटअप त्याच्यासाठी आहेत. स्पर्धेचा एखादा कन्सोल बंद पडला तर त्यातलाच एक उचलून लावता येतो, हा दुसरा उपयोग.

आता मॉनिटर. आमची सगळ्यात मोठी मागणी हीच आहे. स्ट्रीट फायटर ६ सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा फटका सुरू झाल्यापासून लागेपर्यंत २६ फ्रेम घेतो, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. समोरच्याने तो ओळखून उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला तर डाव फिरतो. माणसाला नुसतं दिसून बटण दाबायलाच २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. घरचा मोठा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात आणखी ४ फ्रेम खातो, तेव्हा खेळाडूच्या हातातले ६७ मिलिसेकंद जातात. एका टेबलावर असा टीव्ही आणि दुसऱ्यावर चांगला मॉनिटर असेल, तर दोन टेबलांवर दोन वेगळे खेळ चालले आहेत असंच म्हणावं लागेल.

खोक्यावर '१ मिलिसेकंद' लिहिलेलं पाहून फसू नका. तो आकडा पिक्सेलचा रंग किती लवकर बदलतो याचा असतो. केबलमधून आलेलं चित्र पडद्यावर किती उशिरा उमटतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपला मॉनिटर चालेल का, हे आम्ही तपासून देतो. पॉवर्ड एचडीएमआय स्प्लिटरने (विजेवर चालणाऱ्या, एका सिग्नलचे दोन करणाऱ्या डबीने) एकच सिग्नल आमच्या खात्रीच्या मॉनिटरला आणि आपल्या मॉनिटरला देतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि फोनवर २४० फ्रेमने स्लो-मोशन चित्रण करतो. मग एक ठोसा मारायचा आणि फटक्याची पहिली ठिणगी कोणत्या पडद्यावर आधी दिसते ते एकेक फ्रेम सरकवत मोजायचं. फोनच्या चार फ्रेम म्हणजे गेमची एक. आठपर्यंत फरक आला, म्हणजे गेमच्या दोन फ्रेम, तर तो मॉनिटर मोकळ्या खेळाच्या टेबलावर जाईल. त्याहून जास्त आला तर आभार मानून परत देऊ. २४ इंची, १०८० रिझोल्यूशनचा साधा गेमिंग मॉनिटर सर्वात उत्तम. टीव्हीच असेल तर त्यात गेम मोड (चित्र उमटायचा उशीर कमी करणारी सेटिंग) असायला हवा.

कन्सोल देणाऱ्यांना काही विनंत्या आहेत. गेम आदल्या रात्रीच अपडेट करून आणा. सगळ्या सेटअपवर एकच आवृत्ती असली पाहिजे, आणि एवढं मोठं डाउनलोड हॉलच्या इंटरनेटवर होत नाही. नंतर विकत घ्यावी लागणारी पात्रं आपल्याकडे आहेत की नाहीत, ते आधी कळवा. एका सेटअपवर एक पात्र कमी असलं तर ते पात्र खेळणाऱ्याला तिथे बसवता येत नाही आणि सगळं ब्रॅकेट त्याच्यापायी खोळंबतं. आपोआप बंद होण्याची सेटिंग काढून टाका. एचडीआर (जास्त उजळ-गडद रंगांची सेटिंग) बंद ठेवा, चित्र १०८० वर ठेवा.

कंट्रोलरची गोष्ट बारीक वाटते, पण सामने सर्वात जास्त वेळा तिथेच अडतात. खेळाडू हरून उठतो, त्याचा वायरलेस कंट्रोलर कन्सोलशी जोडलेलाच राहतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला तो पीएस बटण दाबतो आणि इथे चालू सामन्यावर मेनू उघडतो. म्हणून आमचा नियम आहे की सगळे कंट्रोलर वायरने जोडायचे. पण नुसती वायर खुपसून भागत नाही. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसरीजखाली संवादाची पद्धत 'यूएसबी केबल' अशी निवडावी लागते, नाहीतर वायर फक्त चार्जिंग करते आणि बटणं ब्लूटूथवरूनच जातात. आणि बाजारातल्या बऱ्याच केबल मुळात फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. वरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. आम्हाला डेटा जाणाऱ्या, ३ मीटर लांबीच्या २० केबल हव्या आहेत: आठ सेटअपच्या १६ आणि ४ जादा. प्रत्येक केबल तपासून तिच्यावर हिरवी चिकटपट्टी लावली जाईल. जुन्या आर्केड स्टिक (दांडी आणि मोठ्या बटणांचे कंट्रोलर) चालवायला लागणारे कन्व्हर्टर कोणाकडे असतील तर तेही आणा, दोन पुरे.

प्रक्षेपण हा खर्चाचा खरा भाग. त्यावर एवढा भर का, याचं उत्तर एका जुन्या चित्रफितीत आहे. २००४ च्या एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या खेळाडूने प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा १५ फटक्यांचा सुपर (सर्वात जबर हल्ला), अंगात जेमतेम जीव उरलेला असताना, एकेक करून परतवला आणि तो गेम जिंकला. फायटिंग गेममधल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या क्षणांपैकी एक असलेला तो क्षण अंतिम सामन्यातला नाही, लूजर्स फायनलचा आहे. त्या वर्षीची स्पर्धा उमेहारा जिंकलाही नाही. चांगला खेळ ब्रॅकेटमध्ये कुठेही उगवतो. त्या वेळी चित्रण झालं नसतं तर तो क्षण हॉलमधल्या लोकांपुरताच राहिला असता. म्हणून आम्ही पहिल्या फेरीपासून प्रक्षेपण करणार आहोत, आणि इंटरनेट गेलं तरी चित्रण डिस्कवर होत राहील. २० हजार केबीपीएसने (सेकंदाला किलोबिट) तासाला ९ जीबी लागतात, सहा तासांना ५४. चित्रण एमकेव्ही स्वरूपात ठेवायचं, कारण कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर एमपी४ ची अख्खी फाइल हातची जाऊ शकते.

जोडणी अशी: कन्सोलमधून स्प्लिटर, स्प्लिटरमधून एक वायर खेळाडूंच्या मॉनिटरला, दुसरी कॅप्चर कार्डला (गेमचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला). कन्सोलवर एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) बंद करायचं, नाहीतर कॅप्चरमध्ये काळा पडदा येतो. एचडीआर चुकून चालू राहिलं तर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. कॅप्चर कार्ड यूएसबी ३ चं हवं. स्वस्तातलं यूएसबी २ चं कार्ड चित्र दाबून पाठवतं आणि वेगवान हालचालीत सगळं फुटतं. प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर ओबीएस फुकट आहे, त्यासाठी पैसे नकोत. त्यात ६० फ्रेम, ६ हजार केबीपीएस स्थिर बिटरेट, दोन सेकंदांचा कीफ्रेम (दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र) आणि आवाज सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ. एखादं उपकरण ४४.१ वर राहिलं की आवाजात करकर येते किंवा तो हळूहळू चित्राच्या मागे पडतो. इंटरनेट कमी पडलं तर ७२० वर उतरू, पण ६० फ्रेम सोडणार नाही. ३० फ्रेमवर फायटिंग गेम पाहणाऱ्याला निम्मा खेळ दिसतच नाही.

इंटरनेटसाठी १२ एमबीपीएसचा टिकाऊ अपलोड असलेली, वायरने येणारी, फक्त प्रक्षेपणासाठी राखलेली लाइन हवी. मोबाइल हॉटस्पॉट सकाळी रिकाम्या हॉलमध्ये छान चालतो. माणसं जमली की सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर येतात आणि ऐन रंगात अपलोड कोसळतो. जिची लाइन वापरता येईल अशी जागा कोणी देऊ शकलं तर ती मदत सगळ्यात आधी स्वीकारू. त्याच जागेत विजेची दोन वेगळी सर्किटं असावीत. आठ सेटअपना मिळून २ हजार वॅट लागतात, प्रक्षेपणाला आणखी ६००. सगळा भार एका एक्स्टेन्शन बोर्डावर टाकला तर बोर्ड तापतो आणि फ्यूज उडतो, तोही नेमका सगळी टेबलं एकदम चालू असताना. प्रक्षेपणाचा कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यासाठी एक यूपीएस हवा.

समालोचकांसाठी दोन डायनॅमिक माइकचे हेडसेट आणि दोन माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस लागेल. कंडेन्सर माइक नकोत. ते हॉलमधला सगळा कलकलाट उचलतात. कॅप्चर कार्डमुळे गेमचं चित्र काही मिलिसेकंद उशिरा येतं, माइक आणि कॅमेरा त्याच्या आधी पोचतात. तसंच सोडलं तर फटका बसण्याआधीच समालोचक ओरडतो. कॅमेरा मॉनिटरकडे वळवून एक ठोसा रेकॉर्ड करायचा, दोन्ही चित्रांतला फरक मोजायचा आणि कॅमेऱ्याचं चित्र तेवढं उशिरा दाखवायचं. माइकला तोच आकडा देऊन सुरुवात करायची आणि एक टाळी रेकॉर्ड करून ओठ-आवाज जुळतात का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, पण आदल्या दिवशी करायचं.

माणसं अकरा हवीत. एक मुख्य पंच, दोघं नोंदणी आणि ब्रॅकेटच्या टेबलावर, दोघं हॉलमध्ये खेळाडूंना हाक मारून बसवायला, दोघं प्रक्षेपणावर, चौघं समालोचनाला जोडीजोडीने. प्रक्षेपणावरच्या दुसऱ्या माणसाला एकच काम: नावं आणि गुण. खेळाडूंनी बाजू बदलली की पडद्यावरची नावं उलटी होतात आणि घरी बसलेला प्रेक्षक तासभर चुकीच्या खेळाडूचं कौतुक करतो. हाका मारणाऱ्यांना गेम येण्याची गरज नाही, खणखणीत आवाज आणि घड्याळ पुरे: पाच मिनिटांत आला नाही तर एक गेम गेला, दहा मिनिटांत नाही तर सेट गेला. पालकांपैकी कोणी हे काम घेतलं तर फार बरं होईल. १८ वर्षांखालील खेळाडूंचे चेहरे कॅमेऱ्यावर दाखवण्यासाठी पालकांची लेखी संमती नोंदणीच्या वेळीच घेतली जाईल.

रोख मदत फक्त कॅप्चर कार्ड, दोन स्प्लिटर, केबल, ऑडिओ इंटरफेस आणि हेडसेट यांवर खर्च होईल, याच क्रमाने. यांतली एखादी वस्तू कोणी वस्तुरूपाने दिली तर यादीतून ती खोडून रक्कम पुढच्या वस्तूकडे वळवू. वस्तूवार जमाखर्च नोंदणीच्या टेबलावर लावलेला असेल. आपलं नाव किंवा चिन्ह पडद्यावर दिसावं अशी इच्छा असेल तर स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सांगा. गेम कंपनीचे सामुदायिक स्पर्धांसाठी नियम असतात आणि त्यांत ते बसतं का, ते पाहावं लागतं.

उसन्या वस्तू आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणाव्यात. कन्सोल, पॉवर केबल, एचडीएमआय केबल, कंट्रोलर अशा प्रत्येक तुकड्यावर आपल्या नावाची वेगळी चिठ्ठी हवी, कारण आवरताना सगळ्या काळ्या केबल एकसारख्याच असतात. मॉनिटरचा स्टँड आणि त्याचे स्क्रू विसरू नका. वस्तू ताब्यात घेताना चालू करून दाखवू, दोन प्रतींत यादी करू आणि एक प्रत आपल्याला देऊ. शेवटचा सेट संपल्यावर तीच यादी समोर धरून, पुन्हा चालू करून, वस्तू परत केल्या जातील.