लेनिनग्राडचं बियाणं

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

खोली, मेस, थंडीचे कपडे हे सगळं आई तुझ्याशी फोनवर बोलतेच. मला लिहायचंय ते तू राहायला गेलीस त्या शहराबद्दल, सेंट पीटर्सबर्गबद्दल. डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलीला या शहराने सोसलेली भूक ठाऊक असावी, असं मला मनापासून वाटतं.

१९१४ ला जर्मनीशी लढाई जुंपली आणि सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड झालं. १९१७ ची क्रांती तिथेच झाली. पुढच्या वर्षी राजधानी मॉस्कोला गेली. १९२४ मध्ये लेनिन वारले, शहर लेनिनग्राड झालं. १९९१ ला लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं.

पण खरी गोष्ट मधली आहे. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन फौजांनी जमिनीवरची शेवटची वाट तोडली. वेढा पुरता उठायला २७ जानेवारी १९४४ उजाडला. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबरपासून महिनाभराहून जास्त, कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळायचा. म्हातारे, मुलं, कारकून यांना १२५ ग्रॅम. तोही निव्वळ पिठाचा नाही. त्यात सरकीची ढेप असायची. आपण म्हशीपुढे टाकतो तीच ढेप, मयुरी. लाडोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून लॉऱ्यांनी धान्य यायला लागलं. त्यातल्या कित्येक बर्फ फुटून बुडाल्या.

आणि त्याच शहरात, सेंट आयझॅक चौकातल्या एका बियाणं-संशोधन संस्थेच्या इमारतीत पोत्यांत आणि डब्यांत भरलेलं धान्य होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी जगभर फिरून जमवलेलं बियाणं: गहू, तांदूळ, शेंगदाणे, मका, बटाटे, अडीच लाखांच्या आसपास नमुने. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यातला दाणा तोंडात टाकला नाही. शहराबाहेर पाव्लोव्स्कला संस्थेचं शेत होतं, तिथले बटाटे तोफा चालू असताना उपटून आणले आणि गोठू नयेत म्हणून तळघरात मिळेल ते जाळून ऊब धरली. उंदरांपासून राखण केली. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव भुकेने गेले, तेव्हा त्यांच्या भोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन टेबलाशी बसल्या बसल्या गेले.

बियाणं खाल्लं की पुढचं साल गेलं, हे शेतकऱ्याच्या अंगात असतं. पण हे शेतकरी नव्हते, आणि ते साल फक्त त्यांच्या घरचं नव्हतं.

स्वतः वाविलोव तेव्हा तिथे नव्हते. १९४० मध्येच स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडलं होतं. २६ जानेवारी १९४३ ला सारातोवच्या तुरुंगात ते वारले, उपासमारीने खंगून. माणसांना पोटभर मिळावं म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाचं हे मरण मला आजही पचत नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांना मी माफ करू शकत नाही.

पिस्कारयोवका स्मशानभूमीत आधी जाऊन ये. तिथे सुमारे पाच लाख माणसं सामुदायिक कबरींत आहेत. दगडांवर नावं नाहीत, नुसतं साल कोरलंय. घाईने जाऊ नकोस, अख्खा दिवस ठेव.

मग सुट्टी बघून आयझॅक चौकात जा. संस्था अजून चालू आहे. आत सोडलं तर आपल्या दगडी ज्वारीचा वाण त्यांच्याकडे आहे का, तेवढं विचारून मला कळव.

तुझे,
बाबा