बाबा, त्या चिनी गोळ्या मी पाठवत नाहीये

हाँगकाँग, १२ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तीन फोन झाले आणि तिन्ही वेळा तुम्ही आडून आडून विचारलंत, "तिकडे पोट साफ व्हायचं काही चिनी औषध मिळतं म्हणे?" आई आली की लगेच विषय बदलता, म्हणून लिहायला बसले. मिळतं, बाबा. पण मी पाठवत नाहीये. का, ते सांगते.

शनिवारी शेजारच्या आजींबरोबर शंग वानला गेले होते. तिथे सुक्या औषधांची अख्खी पेठच आहे. दुकानात भिंतभर लाकडी खण, त्याला हे लोक 'शंभर लेकरांचं कपाट' म्हणतात. आजी तुमच्याच वयाच्या, बहात्तरच्या, आणि तक्रारही तीच. वैद्यबाईंनी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग विचारत बसल्या: खडा होतो का, तोंडाला कोरड पडते का, पाय गार असतात का, जाऊन आल्यावर गळून जायला होतं का. औषधाचं नाव निघायला पंधरा मिनिटं लागली.

कारण यांच्या लेखी बद्धकोष्ठ हा एकच आजार नाही. धडधाकट माणूस, अंगात ताप, पोट दगडासारखं, तर रेवाचिनी (पोट सोडवणारं एक मूळ) आणि रेचक क्षार घातलेला जालीम काढा. त्यात रेवाचिनी अगदी शेवटी टाकतात, फार उकळली की तिचा जोर उतरतो. म्हाताऱ्या माणसाला मात्र तो काढा सहसा देत नाहीत. आतडंच कोरडं पडलेलं असतं, तिथे नुसतं ढकलून काय होणार? वू जूथोंग नावाच्या वैद्याच्या १७९८ सालच्या ग्रंथात अशा कोरडेपणावर तीन मुळांचा काढा आहे. त्यामागचा विचार असा, की पाणी वाढवा, होडी चालायला लागेल. हे ऐकलं आणि मला तुम्हीच दिसलात. रात्री चमचाभर सोनामुखीचं चूर्ण, सकाळी दोन कप चहा, आणि दिवसभरात पाणी? एक तांब्या तरी होतो का?

आजींना मिळाल्या 'मा जी यान युन' नावाच्या गोळ्या. कृती सुमारे १८०० वर्षांपूर्वीची. मुख्य म्हणजे भांगेचं बी (त्याने नशा येत नाही), जोडीला जर्दाळूच्या बियांतला गर, पिओनीचं मूळ, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि रेवाचिनी, सगळं मधात वळलेलं. इथल्या बाप्टिस्ट विद्यापीठाने २९१ रुग्णांवर तिची परीक्षा घेतली, २०१९ मध्ये ती छापून आली. औषध चालू असताना गुण आला तो शंभरातल्या ६८ जणांना, सोनामुखीने ५८ जणांना आणि नुसत्या दिखाऊ औषधाने ३३ जणांना. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. औषध थांबवल्यावर सोनामुखीवाल्यांत गुण टिकला तो २१ जणांचा, या औषधाने ४७ जणांचा.

तरी नाही पाठवत. रेवाचिनी त्यातही आहेच, आणि पोट सोडवणारी जी द्रव्यं सोनामुखीत असतात ती तिच्यातही असतात. तुमची बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी आहे, तिने पोटॅशियम उतरतं. वर जुलाब झाले तर ते आणखी उतरेल, आणि त्याचा त्रास थेट हृदयाला. शिवाय तुम्ही चूर्ण बंद न करता वरून या गोळ्या घ्याल, हे मला इथे बसून दिसतंय. तुमची नाडी पाहिलेली नाही, जीभ पाहिलेली नाही, अशा माणसाचं औषध टपालाने कसं पाठवू?

त्याऐवजी एक करा. डॉक्टरांना हे चूर्ण किती वर्षं घेताय ते सांगा, लाजू नका. कधी रक्त दिसलं असेल, वजन उतरलं असेल तर तेही सांगा.

येताना आजींनी कोपऱ्यावरच्या दुकानात 'फो मा यान' पाजलं. तेच भांगेचं बी वाटून गोड, दाट, दुधाळ पेय केलेलं. पहिल्याच घोटाला आपल्या जवसाच्या चटणीची आठवण आली. तसंच तेलकट, खमंग. जवस घरात आहेच, भाकरीबरोबर रोज दोन चमचे घ्या, पण त्यावर पाणी भरपूर हवं, नाहीतर उलटंच व्हायचं. खाटेपाशी तांब्या भरून ठेवायला आईला सांगितलंय.

रविवारी फोन करते. आई जवळ असली तरी या वेळी विषय बदलू नका.

तुमची
धाकटी