इंजिन नंबर

ब्यूनस आयर्स
20 जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईला सांगा, इथं ऐन हिवाळा आहे आणि तिची गोधडी मी सोफ्यावरसुद्धा घेऊन बसते. थालीपीठाची भाजणी संपली.

आज तुमच्याशी बोलायचंय ते एका कादंबरीबद्दल. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई ज्यू आहेत, साठीच्या. माझं स्पॅनिश सुधारावं म्हणून त्यांनी ती दिली. दोन तपास अधिकारी, सिनेगॉगांवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरांवर, हल्ले करणारी टोळी, या शहरातून त्या शहरात पाठलाग. तुम्ही पोलीस, दहाव्या पानावर चष्मा काढून ठेवला असता. पंचनामा नाही, मुद्देमालाला सील नाही, साक्षीदार फितूर होत नाही, वरून कुणाचा फोन येत नाही. तीनशे पानांत सगळे जेरबंद! मी मात्र रात्री दोनपर्यंत जागून संपवली. छान आहे म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "अठरा तारखेला माझ्याबरोबर चल."

पास्तेर रस्ता, 633 नंबर. ज्यू समाजाच्या आमिया या संस्थेची इमारत. 18 जुलै 1994, सोमवार, सकाळी 9 वाजून 53 मिनिटांनी स्फोटकांनी भरलेल्या व्हॅननं ती उडवली. 85 माणसं गेली, तीनशेच्या वर जखमी. आईचा हात धरून समोरून चाललेला पाच वर्षांचा मुलगाही त्यात होता. त्याच्या दोनच वर्षं आधी याच शहरात इस्रायलचा दूतावास उडवला होता.

दरवर्षी त्याच मिनिटाला भोंगा वाजतो. मग एकेक नाव घेतात आणि गर्दी उत्तर देते, "प्रेसेंते!" म्हणजे हजर. शाळेच्या हजेरीसारखं, फक्त हजेरी देणारा दुसराच. बाई एका नावाला जरा मोठ्यानं ओरडल्या. मी काही विचारलं नाही.

आता तुमच्या कामाचं. ढिगाऱ्यात व्हॅनच्या इंजिनाचा तुकडा मिळाला, त्यावर नंबर शाबूत. तुम्ही म्हणायचात ना, नंबरप्लेट खोटं बोलते, इंजिन बोलत नाही? त्या नंबरावरून पोलीस काही दिवसांतच चोरीच्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका माणसापर्यंत पोचले. कादंबरीत असतं तर इथून पाठलाग सुरू झाला असता. इथं तपासच खड्ड्यात गेला. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशानंच त्या माणसाला गुप्तचर खात्याच्या पैशातून चार लाख डॉलर दिले, कशासाठी तर काही पोलिसांवर बोट ठेवणारा जबाब द्यावा म्हणून. दोघांच्या घासाघिशीची चित्रफीत बाहेर आली. 2004 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले आणि 2019 मध्ये शिक्षा झाली ती न्यायाधीशाला. टेलिफोनवरच्या संभाषणाच्या साठाहून जास्त कॅसेट गहाळ. ढिगारा तर नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेऊन ओतला होता! तुमचा चेहरा मला इथून दिसतोय.

पुढं निस्मान नावाच्या सरकारी वकिलानं इराण आणि लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेवर आरोप ठेवले. इराण ते नाकारतो. जानेवारी 2015 मध्ये, संसदेपुढे याच प्रकरणात राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मांडणी करायच्या आदल्या दिवशी, तो घरात डोक्यात गोळी लागून मेलेला सापडला. पंच्याऐंशीव्या मृताची ओळख पटायला 2016 उजाडलं. 2024 मध्ये वरच्या कोर्टानंही इराण आणि हिजबुल्लाच म्हटलं, पण आरोपी हाती नाहीत.

परत येताना मी बाईंना आपल्याकडचं सांगितलं. नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली ज्यू माणसं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, अलिबागची इस्रायल आळी. शेकडो वर्षं कुणी त्रास दिला नाही, यावर त्यांचा विश्वास बसेना. मग 26/11चं नरिमन हाऊसही सांगावं लागलं. तुम्ही तेव्हा किती रात्री किनाऱ्यावर काढल्यात, आणि त्या रबरी होडीच्या इंजिनाचा खरडलेला नंबर वाचला जाऊन माग कराचीपर्यंत गेला, हेही. बाई थबकल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे नंबर हरवला नाही तर."

आपल्याकडेही सूत्रधार कुठे मिळालेत, असं मी म्हणणार होते, पण त्या पुढं गेल्या होत्या. इथं ज्यू शाळा, सिनेगॉग, सगळ्यांपुढे फुटपाथवर काँक्रीटचे खुंट रोवलेत, गाडी अंगावर येऊ नये म्हणून. त्यातल्या एकावर हात ठेवून उभ्या होत्या.

कादंबरी पाठवत नाही, टपालखर्च फार आहे आणि शेवट तुम्ही तिसऱ्या प्रकरणातच ओळखाल. बाईंनी एक विचारलंय, ते तेवढं कळवा. तुमच्या ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असायची? आणि खोलीतलं काही कमी झालं, तर आधी कुणाला धरायचे?

तुमची,
सुमा