फिल्मसोबत सीडीही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेंदूत गाठ निघाली की घरची माणसं फिल्मच्या मोठाल्या पिशव्या काखोटीला मारून दवाखाने पालथे घालतात. दाजींच्या आजारपणात मीही ते केलं. फीट आली म्हणून सीटी स्कॅन, त्यात डाग दिसला म्हणून कॉन्ट्रास्टचा (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून औषध टोचून केलेला) एमआरआय. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेहून मुंबई गाठली, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "सीडी कुठाय?" सेंटरला फोन केला. "फिल्म दिल्यात की! सीडी आम्ही देत नाही." मग पुन्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), पुन्हा गॅडोलिनियमचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन, पुन्हा पैसे.

एका एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असतात. फिल्मवर त्यातली निवडक येतात, तीही टपाल तिकिटाएवढी. ऑपरेशनच्या वेळी वाट दाखवणाऱ्या न्यूरोनॅव्हिगेशन यंत्राला मूळ डिजिटल फाइलच लागते. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला, तोही गाठीच्या संशयावरूनच. आपण अजून ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून बसलोय!

खरा घोर पुढेच होता. गाठ ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) निघाली. ऑपरेशननंतर टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या आणि रेडिएशन (आपल्याकडे 'लाइट' म्हणतात ते) झालं. महिन्याभराने गावाकडेच एमआरआय केला. जुने स्कॅन कुणी मागितले नाहीत, आम्हीही दाखवले नाहीत. रिपोर्टात 'गाठ वाढली' असं आलं आणि दोन दिवस घरात चूल पेटली नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळे स्कॅन संगणकावर शेजारी शेजारी लावले. लाइटनंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत सूज आणि बदललेली पेशीजाल गाठ वाढल्यासारखीच दिसू शकते, 'स्यूडोप्रोग्रेशन' म्हणतात त्याला, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या चालू ठेवल्या. दोन महिन्यांनी तोच डाग लहान झालेला दिसला. दरवेळी असं होतं असं नाही, कधी गाठ खरंच वाढलेली असते. पण ते ठरवायला आधीचं चित्र हातात लागतं.

म्हणून स्कॅन सेंटरांना विनंती, मूळ फाइलची सीडी किंवा पेनड्राइव्ह न मागता द्या आणि आधीचा स्कॅन पाहिला की नाही हे रिपोर्टात लिहा. हजारोंच्या बिलात कोऱ्या सीडीचे वीस-पंचवीस रुपये कुणाला जड नाहीत.

– एक वाचक, मिरज