हिवतापाची किटं उन्हापासून वाचवा

महोदय,

धानोरा तालुक्यातल्या तीन टोल्यांची मी बारा वर्षांपासून आशा आहे. पाऊस लागला की माझ्या दाराशी तापाची माणसं येतात. त्यांचा हिवताप (मलेरिया) तपासायची किटं आमच्या हाती पडतात ती मात्र ऐन मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना. त्याबद्दलच लिहिते आहे.

गेल्या जुलैत सहा वर्षांच्या एका मुलीला हुडहुडी भरली. नाला भरून वाहत होता. बोटाला सुई टोचून थेंब किटमध्ये सोडला, वरून द्रावण टाकलं, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबले. किटवरच्या ‘सी’ अक्षरासमोर लाल रेघ ठळक उमटली, बाकी जागा कोरी. हिवताप नाही, असं मीच तिच्या आईला सांगितलं. सोबत काचेवर रक्तनमुना घेतला होता, तो नाला उतरल्यावर प्रयोगशाळेत पोचला. चौथ्या दिवशी निरोप आला, फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा हिवताप. तोवर पोर डोळे उघडेना. खाटेवर घालून तिला पलीकडे नेलं. ती वाचली.

ते खोकं महिनाभर टिनाच्या खोलीत मांडणीवर पडून होतं. आधी कार्यालयात, मग माझ्याकडे. पाकिटावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, काहींवर 30 अंश, काहींवर 40. टिनाखाली दुपारी हात ठेववत नाही.

‘सी’ची रेघ आली होती ना, मग किट चांगलंच असणार, असं मी धरून चालले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या दादांनी नंतर नीट समजावलं. कंदिलाची वात तेल ओढते तसा किटमधला कागद रक्त नि द्रावण ओढत नेतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना प्रतिपिंडं, म्हणजे जंतूचं प्रथिन पकडणारे रेणू, चिकटवलेली. रक्तात हिवतापाच्या जंतूचं प्रथिन असेल तर ते त्या कणांना धरतं आणि पुढच्या रेघेवर अडकतं. कण साचले की रेघ लाल दिसते. ‘सी’ची रेघ मात्र जंतू असो-नसो, उमटतेच. द्रावण तिथवर पोचलं, एवढंच ती सांगते. उष्णतेनं जंतू धरणारी रेघ निकामी झाली तरी ‘सी’ची शाबूत राहू शकते. बारा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दरवेळी प्रशिक्षणात थेंब किती आणि मिनिटं किती, एवढंच.

माझी विनंती आहे की सगळ्या हंगामाची किटं मे महिन्यातच आमच्या अंगावर टाकू नयेत. थोडी आता, बाकीची पाऊस लागताना द्यावीत. गाडीच्या टपावर बांधून भर दुपारी आणू नयेत. टिनाखाली उन्हाळा काढलेलं खोकं बदलून द्यावं, त्यासाठी आम्हाला जाब विचारू नये. आणि किटवर हिवताप नाही असं आलं पण ताप उतरत नाही, अशा माणसाची काच आधी तपासावी. आमच्याकडे फाल्सिपेरमला चार दिवस मिळणं म्हणजे फार झालं.

सध्या माझ्याकडे पंचवीस किटं आहेत. पत्र्याच्या डब्याऐवजी थर्माकोलच्या खोक्यात, आतल्या मातीच्या खोलीत ठेवली आहेत. तिथं दुपारी किती अंश असतात हे बघायला काही साधन नाही. भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक प्रत्येक आशाला मिळावा.

— एक आशा स्वयंसेविका, धानोरा तालुका, जि. गडचिरोली